केकचा मानकरी

आमच्या सान तोरिबियोत मुलीला पंधरा पुरी झाली की गावजेवण होतं, आणि ते एकट्या बापाच्या बुत्याचं नसतं. म्हणून मान वाटतात. कुणी बुटांचा मानकरी, कुणी मुकुटाचा, कुणी चर्चमध्ये गुडघे टेकायच्या उशीचा. केकचा मानकरी वेगळा आणि केक कापायच्या सुरीचा वेगळा. त्या दोघांचं आपसात पटत नसेल तर सुरी केकमध्ये अडते, असं माझी सासू सांगायची. असे तीन केक तिनं स्वतः पाहिले होते.

मान मागायला घरी जावं लागतं. काखेत गोड पावाची पिशवी, डोक्यावरची टोपी हातात. आधी हवापाणी, मग कॉफी, मग कुणाच्या तरी गुडघ्याचं दुखणं, आणि सगळ्यात शेवटी, जणू आत्ताच आठवलं अशा चेहऱ्यानं, मागणं. मागितलेला मान नाकारता येत नाही आणि दिलेला परत घेता येत नाही. मुलीच्या नशिबाला तडा जातो म्हणतात. नशिबाचं मला माहीत नाही. घराघरांत मात्र तडे गेलेले पाहिलेत.

मी फिदेन्सियो. आठवडाभर शाळेची बस चालवतो, शनिवार-रविवार बाहो वाजवतो. बाहो म्हणजे बारा तारांचं जाडजूड गिटार. गाणाऱ्याच्या पायाखाली जमीन ठेवायची, एवढंच त्याचं काम. माझ्या जमिनीवर तीस वर्षं जो उभा राहिला तो निकानोर त्रेविन्यो. ही गोष्ट त्याची. माझी त्यात फक्त चूक आहे.

निकानोर गिटार शिकला न्हाव्याच्या दुकानात. आमचा न्हावी असा वाजवायचा की अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक फेस वाळेपर्यंत मुकाट बसून राही. अठरा वर्षांचा निकानोर एकदा दाढीला गेला आणि मग चार महिने रोज जात राहिला. दाढी त्याला आठवड्यातून एकदाच यायची. पाचव्या महिन्यात न्हावी म्हणाला, "आता तू वाजव, मी जरा लोकांच्या दाढ्या करतो."

त्याचा आवाज पातळ होता, पण त्याला मागून ओल होती. विहिरीच्या भिंतीला असते तशी. लग्नं, बारशी, मयती, आम्ही दोघं सगळीकडे असायचो. बासष्ट साली सान आंतोनियोच्या एका माणसानं आम्हाला बोलावलं. कापडाच्या दुकानामागच्या खोलीत तो तबकड्या काढायचा. त्यानं निकानोरला एक इंग्रजी गाणं दिलं: रेल्वे स्टेशन, निघालेला एक गडी, निळा रुमाल बांधून उभी असलेली मुलगी. निकानोर त्रेविन्यो हे नाव तबकडीवर मावत नाही, असंही तो म्हणाला. मावत होतं. पण छापून आलं 'निक ट्रेव्हर'.

त्या सकाळी आम्ही बसमध्ये चढताना निकानोरची बायको एफेमिया खाली उभी राहून त्याला येताना काय काय आणायचं ते सांगत होती. बस सुटली तरी ती सांगतच होती.

गाण्याचं पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्याला निकानोरनं तोंड उघडलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. शब्द गेले होते. इंग्रजी त्याला यायचं, पण वर्गात हजेरी देण्यापुरतं. माझा बाहो खालून ढकलतोय, तबकडी फिरतेय, आणि मग त्याच्या तोंडून त्याच सुरात आमची घरची भाषा बाहेर पडली:

*दोन पौंड टोमॅटो, जिरं मूठभर,*
*चरबीचा डबा, कपड्यांचा साबण,*
*विसरू नकोस, विसरू नकोस,*
*कोथिंबीर ताजी.*

'विसरू नकोस'पाशी त्याचा आवाज फाटला. तो खरंच रडकुंडीला आला होता, कारण तो खरंच विसरला होता.

तबकडीवाला काचेमागून बाहेर आला तेव्हा चष्मा पुसत होता; आमची भाषा त्याला येत नव्हती. "हे काय होतं?"

"दुसरं कडवं," निकानोर म्हणाला.

"याला कुणी हात लावायचा नाही."

"साहेब, पण ते..."

"काही सांगू नकोस मला. दुःख समजावून सांगितलं की विकलं जात नाही."

ते विकलं गेलं. दहा महिने अख्ख्या देशात जोडपी दिवे मंद करून चरबीच्या डब्यावर एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून नाचत होती. निकानोरला पांढरा सूट मिळाला. शिकागोच्या टीव्हीवर एका बाईनं त्याला विचारलं, "ती कोण होती, निक?" त्यानं मान खाली घातली. घालणं भागच होतं. सुटाच्या पँटची चेन तुटली होती आणि त्याचं सगळं लक्ष तिकडे होतं.

इकडे सान तोरिबियोत मात्र वाण्यानं पाटी लावली, 'निकानोरची यादी तयार मिळेल', आणि पाचही जिन्नस एका पिशवीत बांधून विकायला लागला. निकानोर गावी आला आणि कुठल्याही समारंभात कुठलंही गाणं त्यानं धरलं की मागून कुणीतरी विचारायचं, "टोमॅटो किती?" आणि सगळा हॉल ओरडायचा, "दोन पौंड!" त्याच्या बापाच्या मयतीत त्यानं चर्चमध्ये स्तोत्र म्हटलं. तिसऱ्या बाकावर वाण्याचे ओठ हलत होते. माझ्या अंदाजानं तो साबणापर्यंत पोचला होता.

"अख्ख्या अमेरिकेला माझी यादी पाठ आहे," एफेमिया म्हणायची. "सामान आणलं का कुणी? एकानं तरी?"

सहासष्ट साली माझी मुलगी ओदिलिया झाली. निकानोर पांढऱ्या सुटातच गाडी हाणत आला आणि बाप्तिस्म्याला तिचा धर्मबाप झाला. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचे कोम्पाद्रे. म्हणजे न्हाव्याच्या दुकानापासून अरे-तुरे असलेले आम्ही दोघं चर्चच्या पायऱ्या उतरताना अहो-जाहो झालो. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोम्पाद्रेशी नाही. पायरीवर उभं राहून, पोरीला छातीशी धरून तो म्हणाला, "कोम्पाद्रे, हिच्या पंधराव्याला बापलेकीच्या नाचाचा वॉल्ट्झ मी देणार. माझा स्वतःचा. कुठं छापलेला नसेल."

मी म्हटलं, "तुम्ही द्याल आणि आम्ही घेणार नाही होय?"

मग उतरण लागली. कंपनीला तसंच आणखी एक कडवं हवं होतं. निकानोरनं बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आता घरात सगळं आहे. साबण सोडून." दुसरी तबकडी कुणी ऐकली नाही, तिसरी निघाली नाही. अडुसष्ट साली तो परत आला आणि संत्र्यांच्या शेडमध्ये वजनकाट्यावर कामाला उभा राहिला.

दर रविवारी दुपारी मात्र तो निक ट्रेव्हर व्हायचा. नोव्हेंबर लागला की उत्तरेकडचे म्हातारे-म्हाताऱ्या चाकांवरची घरं ओढत आमच्या उन्हाला येतात. त्यांच्या तळावर पत्र्याचा हॉल आहे. तिथं तो ते गाणं गायचा आणि ते रडायचे. आयोवाच्या एका विधवेनं त्याचा हात दोन्ही हातांत धरून सांगितलं, "नवरा गेला त्या वर्षी मी तुमच्या दुसऱ्या कडव्यावर जगले." निकानोरनं तिला काही सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "कोम्पाद्रे, कोथिंबिरीवर माणूस जगतो का हो?" मी म्हटलं, "काही दिवस जगत असेल."

इंग्रजीवाल्यांना तो आवडला, कारण तो आमच्यातला होता. आमच्या माणसांना तो गमतीचा झाला, कारण तो इंग्रजीत जाऊन आला होता. आमचं गाव सीमेवरच्या पुलाच्या तोंडाशी आहे. पुलावरून सगळे जातात-येतात, पण तिथं कुणाला राहता येत नाही. खालून पाणी जातं आणि वरून ट्रक.

गावात त्याला मान पुष्कळ मिळायचे. तेरा वर्षांत अकरा केक, चार मुकुट आणि मुलीला मिरवायची एक लांब गाडी. गाण्याचा मान एकानंही मागितला नाही. लग्नात आम्ही वाजवायचो, हॉल ओरडायचा, मजा यायची. पण पंधराव्याला मुलगी आयुष्यात एकदाच बापाबरोबर नाचते. तिथं टोमॅटो कुणाला हवेत? निकानोर यावर कधी बोलला नाही. फक्त ओदिलियाच्या दर वाढदिवसाला यायचा, तिच्या टाळूवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "तुझा वॉल्ट्झ आहे हं माझ्याकडे."

एक्याऐंशी साल उजाडलं. एर्लिंदा, माझी बायको, स्वयंपाकघराच्या टेबलावर वही घेऊन बसली.

"केक, निकानोर कोम्पाद्रे," ती म्हणाली.

"आणि गाणं?"

"लिसांद्रोचा बँड. बोलणं झालंय."

"अगं, पण त्यांनी पायरीवर..."

"मला पायरी आठवते. मीही तिथंच होते, टाके ओढत होते माझे." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "मला कोम्पाद्रे आवडतात. त्यांचा आवाजही आवडतो. पण पोर मध्ये उभी असेल, तीनशे माणसं बघत असतील, आणि तो मेला वाणी मागून विचारेल टोमॅटो किती. तू थांबवशील त्याला?"

मी पेन्सिल उचलून परत तिच्या हातात दिली.

"मग जा. पाव घेऊन जा. आणि केकच माग."

मी पाव घेऊन गेलो. निकानोर मागच्या अंगणात लिंबाखाली बसून वाजवत होता. मी दाराशीच थांबलो. तो वॉल्ट्झ होता. त्यात काहीतरी सारखं उंबऱ्यापर्यंत येत होतं आणि परत फिरत होतं. मी बस चालवणारा माणूस आहे, मला जास्त सांगता येणार नाही. मला घरात लहान पोर रांगत असल्यासारखं वाटलं, आणि घरात कुणीच नसल्यासारखंही.

"या, कोम्पाद्रे," तो म्हणाला. गिटार बाजूला ठेवलं आणि पावाची पिशवी बघून माझ्यासाठी खुर्ची दोनदा पुसली. मी हवापाणी बोललो. कॉफी आली. एफेमियानं गुडघ्याचं सांगितलं. मग माझी पाळी आली.

"एर्लिंदानं पाठवलंय," मी म्हणालो. "ओदिलियाच्या पंधराव्याला तुम्ही... मानकरी व्हावं."

"कशाचा?"

तोंडात केक होता. अगदी जिभेवर होता. "गाण्याचा," मी म्हणालो.

निकानोर उठला, आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. एफेमियानं माझ्याकडे असं पाहिलं जसं ती मोसंबी पारखताना बघते. "नक्की ना हो, फिदेन्सियो भाऊ?"

"नक्की."

घरी एर्लिंदानं विचारलं, "झाले कबूल?"

"झाले," मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

पुढचे दोन महिने मी कसे काढले ते बसमधल्या पोरांना विचारा. तीन वेळा मी त्यांना चुकीच्या शाळेत उतरवलं. रोज ठरवायचो, आज सांगू. एर्लिंदाला सांगू की त्याला. मग वाटायचं, लिसांद्रोचा बँड आजारी पडेल. एका बँडमध्ये सात माणसं असतात. सातही जण आजारी पडायला साथच यावी लागते, हे एप्रिलमध्ये माझ्या लक्षात आलं.

मे महिन्यातला शनिवार. चर्च झालं. हॉलमध्ये तीनशे माणसं, तांबडा भात, मांसाच्या पराती, पंखे फिरतायत आणि कुणालाच वारा लागत नाहीये. स्टेजवर लिसांद्रो चकचकीत जाकिटात तारा जुळवतोय. कोपऱ्यात जाळीचा टेबलक्लॉथ घातलेलं टेबल, त्यावर तीन मजल्यांचे प्लॅस्टिकचे खांब, आणि खांबांवर काहीही नाही. त्या टेबलाशेजारी माझी मेव्हणी कासिमिरा, सुरीची मानकरी, रिबीन बांधलेली लांब सुरी दोन्ही हातांत धरून पुतळ्यासारखी उभी.

"भावजी," ती मला म्हणाली, "मी एका तासापासून हवेवर पहारा देतेय."

तेवढ्यात दारात निकानोर आला. पांढरा सूट. एफेमियानं कमरेला उसवून दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावल्या होत्या, त्या जरा जास्तच पांढऱ्या होत्या. हातात गिटारची पेटी.

एर्लिंदा लगबगीनं पुढं गेली. "या, कोम्पाद्रे. केक गाडीत आहे का? उन्हात ठेवू नका, लोणी उतरेल."

निकानोरनं तिच्याकडे पाहिलं. मग स्टेजवरच्या बँडकडे. मग कासिमिराच्या सुरीकडे. मग माझ्याकडे. मी पंख्याकडे बघत होतो.

"फिदेन्सियो," तो म्हणाला. पंधरा वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारली नव्हती. "तुला काय मागायला पाठवलं होतं?"

"केक."

"आणि तू काय मागितलंस?"

"तुम्ही तो वॉल्ट्झ वाजवत होतात," मी म्हणालो. "मी दारातून ऐकला."

"मग?"

"मग मी कॉफी प्यायलो."

एर्लिंदा मला काहीच बोलली नाही. ती जे बोलली नाही ते पुढं तीन आठवडे बोलत होती.

निकानोरनं पेटी भिंतीला टेकवली. सुटाची बटणं लावली, एक लागलं नाही. "बसची चावी दे," तो मला म्हणाला. "माझ्या गाडीत तीन मजले मावायचे नाहीत. बेकरी सातला बंद होते." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. बारावा केक आणायला निघालेला माणूस जेवढा सरळ चालतो तेवढा सरळ तो दाराकडे चालायला लागला.

दारात ओदिलिया उभी होती. तिच्या झग्याचा घेर एवढा मोठा की दारातून दुसरं कुणी जाणं शक्य नव्हतं. "कुठं चाललात?" तिनं विचारलं. निकानोरनं बसची चावी वर करून दाखवली. "माझा वॉल्ट्झ देऊन जा. पंधरा वर्षं 'आहे हं माझ्याकडे' म्हणताय, मग द्या की."

"बाजूला हो, बेटा. बेकरी बंद होईल."

"या कपड्यात बाजूला होता येत नाही," ती म्हणाली.

एर्लिंदा जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "कोम्पाद्रे, मला तुमच्याबद्दल काही नाही. पण ही माणसं... पहिला शब्द उच्चारलात की ओरडतील."

"शब्द नाहीत त्यात," निकानोर म्हणाला.

"म्हणजे?"

"पहिल्या वर्षी होते. चांगले होते. मग एकेक काढत गेलो. गेल्या वर्षी शेवटचा काढला." त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवली. "आता ओरडायला त्यात काही शिल्लक नाही, वहिनी."

एर्लिंदा त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला कधीच काही कळत नाही, पण तिनं हात पुढं केला आणि त्याचं न लागलेलं बटण जोर लावून लावलं. "आधी वाजवा," ती म्हणाली. "मग केक आणा. मान दोन्ही दिलेत, दोन्ही पुरे करा."

लिसांद्रोनं माइक पुढं केला. "काका, मी टोमॅटो हा शब्द तुमच्या तबकडीवरून शिकलो."

"माइक नको," निकानोर म्हणाला.

तो खुर्चीवर बसला. मी हॉलच्या मध्ये उभा, हात ओदिलियाच्या पाठीवर. तीस वर्षांत पहिल्यांदा तो वाजवणार होता आणि माझा बाहो खाली नव्हता. लोक गप्प झाले. ऐकायला नव्हे, गंमत करायला. मागच्या टेबलावर वाण्यानं घसा साफ केला.

सूर सुरू झाले. उंबऱ्यापर्यंत आले, परतले. वाणी तोंड उघडून वाट बघत होता. पहिला शब्द येईल मग. तो आला नाही. पुन्हा उंबरा, पुन्हा परत. वाण्याचं तोंड उघडंच राहिलं, पण काही वेळानं ते निराळ्या कारणानं उघडं आहे असं वाटायला लागलं. पंखे ऐकू येत होते. भाताच्या परातीवर कुणाचा तरी चमचा थांबला होता.

"बाबा, पाय मोजा," ओदिलिया कुजबुजली.

"मोजतोय."

"मोठ्यानं नको."

मग मी मोजणं सोडलं. तिच्या घेरावर दोनदा पाय दिला. निकानोर कुणाकडेच बघत नव्हता. त्याच्या पायाखाली मी नव्हतो, कुणीच नव्हतं, आणि तो पडत नव्हता. हे मला जरा लागलं, खरं सांगतो.

वॉल्ट्झ संपला. टाळी कुणी वाजवली नाही. तीनशे माणसांनी एकाच वेळी श्वास सोडला की जसा आवाज होतो तसा झाला. मग मागून, सवयीनं, पण जरा चाचरत, वाण्यानं विचारलं, "निकानोर... केक किती पौंडांचा?"

निकानोरनं गिटारवरून मान वर केली. हॉलभर नजर फिरवली, रिकाम्या खांबांवर थांबवली. "विसरलो," तो म्हणाला.

हॉल कोसळला. एफेमिया एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. निकानोरही हसत होता, गिटारवर कपाळ टेकवून. बाकीचे गप्प झाले तरी त्याचे खांदे हलत होते. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, बराच वेळ, आणि त्यात वाण्याच्या सगळ्यात मोठ्या होत्या.

तो आणि एफेमिया माझी शाळेची बस घेऊन गेले. सात वाजून गेल्यावर परत आले. बेकरीत केक नव्हता. सकाळचे उरलेले गुलाबी शिंपल्यांसारखे गोड पाव होते, ते सगळे उचलले. कासिमिरानं ते तीन मजल्यांवर रचले, शिखर केलं, आणि सगळ्यात वरचा रिबिनीच्या सुरीनं कापला. सुरी कुठं अडली नाही.

बँड सुरू झाला तेव्हा एफेमिया माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या मांडीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"बेकरीशेजारी दुकान उघडं होतं," ती म्हणाली. "मी बसमध्येच बसले होते. काही बोलले नाही मी. हे स्वतःच उतरले आणि घेऊन आले."

तिनं कागद उलगडला. कपड्यांच्या साबणाची वडी.

"एकोणीस वर्षं," एफेमिया म्हणाली. वडी हातात घेऊन तिनं तिचं वजन केलं, वास घेतला, आणि नाचणाऱ्यांत पांढरा सूट शोधत म्हणाली, "आणि आणली ती पण लहान."